शून्यापाशी अडलेली मुले

(हिंगणी येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस ‘विद्यार्थ्यांस मार्गदर्शन’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. या विषयावर मागील संमेलनांत जी भाषणे झाली, त्यांतील दोनतीन आमचीच होती, आणि ती स्मरणिकेत छापूनही आली आहेत. त्यांत आम्ही परिश्रम, चिकाटी, वेळेचा सदुपयोग इत्यादी गोष्टी सांगितल्या. त्या खोट्या होत्या असे नाही. परंतु ती भाषणे वाचून कोणा मुलाचे अडलेले एक उदाहरण सुटले असेल, असे आम्हांस वाटत नाही. यास्तव आज ‘मार्गदर्शन’ हा मोठा शब्द बाजूस ठेवून आम्ही एकाच उदाहरणाविषयी बोलणार आहोत. ते अकरावीच्या गणितातील आहे, आणि त्या उदाहरणापाशी आमच्या हातून आपल्याच समाजातील एका मुलाचे नुकसान झालेले आहे.

गणिताचे नाव निघताच मागच्या रांगांत चुळबुळ सुरू होते, हे आम्ही वर्गात आयुष्यभर पाहत आलो. भगिनीवर्गास आणि वडीलधाऱ्यांस विनंती एवढीच, की थोडा वेळ सोसावे. आकडे फार नाहीत.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. हिंगणीचा एक मुलगा दहावीस मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. मंडळाने त्यास श्रीफळ आणि वह्यांचा जोड दिला. तो देणाऱ्यांत आम्हीही होतो. मुलाने विज्ञानशाखेत नाव घातले. त्याच्या मनात इंजिनिअर व्हावे असे होते. सकाळच्या एस. टी. ने वर्ध्यास जाणे आणि संध्याकाळी परत येणे असा त्याचा क्रम सुरू झाला. आम्ही त्या वेळी परगावी गणित शिकवीत असू आणि सुट्टीत गावी येत असू. अशाच एका सुट्टीत तो वही घेऊन आमच्याकडे आला. ‘लिमिट’ आणि ‘डेरिव्हेटिव्ह’, म्हणजे सीमा आणि अवकलज, हे प्रकरण त्यास उमगत नव्हते.

उदाहरण अगदी आरंभीचे होते. क्ष-वर्गाचा अवकलज काढावयाचा होता. रीत अशी की क्ष मध्ये ‘ह’ एवढी किंचित वाढ करावी, वर्गात किती वाढ झाली ते पाहावे, आणि त्या वाढीस ‘ह’ ने भागावे. भागाकार येतो दोन क्ष अधिक ह. मग ‘ह’ शून्य मानावा, म्हणजे उत्तर दोन क्ष. आम्ही हे भराभर करून दाखविले. मुलगा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, ज्यानं आताच भागलं, त्यालेच मंग शून्य कसं म्हणता? शून्यानं तर भागता येत नाही ना?”

आम्ही त्यास सांगितले की तसा नियमच आहे. परीक्षेत एवढेच लिहावयाचे असते. पुढे आम्ही त्यास एक सोपी युक्ती दिली: घात खाली आणून गुणावा आणि घातातून एक वजा करावा. त्या युक्तीने त्याने अर्ध्या तासात वीस उदाहरणे सोडविली. आम्ही खूष झालो, चहा झाला, मुलगा घरी गेला. आमच्या मते त्यास विषय समजला होता. वस्तुतः त्याने त्या दिवशी एवढेच जाणले, की या विषयात प्रश्न विचारावयाचा नसतो. पुढील वर्षी त्याने विज्ञानशाखा सोडली.

ते गृहस्थ आज या मंडपात बसलेले आहेत, आणि त्यांची अनुमती घेऊनच आम्ही हे सांगत आहोत. सेलूस त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. पंचक्रोशीतील जळालेले पंप त्यांच्या हातून पुन्हा पाणी ओढू लागतात. त्यांच्या संसारात उणे काही नाही. तथापि जे व्हावयाचे त्यांनी ठरविले होते ते झाले नाही, आणि त्याच्या कारणांत आमचा तो अर्धा तास आहे.

मौज अशी की, त्या मुलाने विचारलेला प्रश्न काही सामान्य नव्हता. न्यूटन आणि लायब्निट्स या दोघांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शास्त्र उभे केले. त्यानंतर १७३४ साली आयर्लंडातील बिशप जॉर्ज बर्क्ली यांनी एक पुस्तक लिहून नेमकी हीच हरकत घेतली. ज्या राशीने तुम्ही आधी भागता ती शून्य नाही असे धरता, आणि भागून झाल्यावर तीच शून्य आहे असे म्हणता. हा कोणता न्याय? युरोपातील मोठमोठ्या गणितज्ञांस याचे समाधानकारक उत्तर देता येईना. हिशेब बरोबर येत होते, ग्रहांच्या गती जुळत होत्या. परंतु पाया कच्चा होता. फ्रान्सच्या कोशीने १८२१ साली सीमेच्या कल्पनेवर हा विषय नव्याने मांडला, आणि पुढे जर्मनीत वायरश्ट्रास याने त्यास पक्केपणा आणला. म्हणजे बिशपच्या हरकतीपासून कोशीच्या ग्रंथापर्यंत सत्त्याऐंशी वर्षे लोटली. आमच्या हिंगणीच्या मुलास तीच अडचण पहिल्या आठवड्यात दिसली, आणि आम्ही तिला मंदबुद्धी समजलो.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नव्हती. भास्कराचार्यांची लीलावती आपल्या घरची. तीत शून्याच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. एका संख्येस शून्याने गुणिले, त्यात त्याचेच अर्ध मिळविले, मग तिनाने गुणिले आणि शेवटी शून्याने भागिले, तर ६३ येतात. ती संख्या कोणती? सामान्य मनुष्य म्हणेल, शून्याने गुणताक्षणीच सारे संपले, आता संख्या कोठून सापडणार? आचार्य सांगतात, पुढे आणखी क्रिया करावयाच्या असतील तर शून्याने गुणिलेली राशी लगेच शून्य म्हणून टाकून देऊ नये. ‘शून्यगुणित’ एवढेच ध्यानात ठेवावे. पुढे शून्याचाच भाग आला तर ती राशी जशीच्या तशी राहते. उत्तर १४. चौदा आणि सात एकवीस, एकवीस त्रिक त्रेसष्ट. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे असेही ते म्हणतात. आजचा गणिती शून्याने भागणे या शब्दांत मान्य करणार नाही, हे खरे. परंतु शून्य म्हणण्याची घाई करू नये हे जे मर्म, ते आचार्यांनी ओळखले होते. १११४ साली जन्मलेल्या या पुरुषाने १२०७ च्या सुमारास चाळीसगावाजवळील पाटण येथे आपल्या नातवाकडून आपले ग्रंथ शिकविणारा मठ उभा राहिलेला पाहिला नाही. पण तेथील शिलालेख आपणांस पाहावयास मिळतो. एका घराण्याने आपल्या पूर्वजाच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून केलेली ती सोय होती. आपल्यासारख्या मंडळांनी तो शिलालेख एकदा सहल काढून पाहावा.

असो. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास तेच गृहस्थ पुन्हा आमच्या दारात आले. या वेळी त्यांची भाची बरोबर होती. ती मामाकडे राहून अकरावीस शिकत होती. मुलगी हुशार, बोलण्यास थोडी भिडस्त. वहीत सर्व उदाहरणे सोडविलेली होती. आम्ही विचारले, “बाई, मग अडले कोठे?” तेव्हा कळले की उदाहरणाचे छायाचित्र मोबाईलने काढले की पायरीवार उत्तर समोर येते, आणि ती ते उतरून घेते. उत्तरे सारी बरोबर होती. आम्ही एक पायरी झाकून तिला विचारले, की येथे शून्य का घातले? ती गप्प झाली. मामा हळूच म्हणाले, “सर, मले जे अडलं होतं, तेच इले अडलं आहे.”

आम्हांस लाज वाटली, हे सांगण्यास संकोच कशाला? यंत्राने तिला तेच केले होते जे आम्ही तिच्या मामास केले होते. फक्त यंत्राने ते अधिक जलद आणि अधिक गोडीने केले. त्या दिवशी आम्ही ठरविले की आपण काही सोडवून दाखवावयाचे नाही.

आमच्या घरामागे विहीर आहे. तिघेही तेथे गेलो. मुलीने खडा सोडला, मामांनी घड्याळ पाहिले. दीड सेकंदाच्या आतबाहेर डुबुक् असा आवाज आला. आम्ही तिला एवढेच सांगितले, की पडणारा खडा किती मीटर गेला हे काढण्यास सेकंदांचा वर्ग करून पाचाने गुणावे. (खरा आकडा ४.९ आहे, हिशेबाच्या सोयीसाठी पाच धरला.) म्हणजे एका सेकंदाअखेर खडा पाच मीटर खाली, दीड सेकंदाअखेर सव्वाअकरा. आता प्रश्न असा: बरोबर एक सेकंद झाला, त्या क्षणी खड्याचा वेग किती?

मुलगी म्हणाली, “त्या क्षणी तर तो कुठं जातच नाही. क्षणात अंतर शून्य अन् वेळही शून्य.” हे तिने आपल्या आपण म्हटले. शून्य भागिले शून्य. आम्ही विचारले, त्याचे उत्तर काय? ती म्हणाली, एक. मामा म्हणाले, शून्य. आम्ही म्हणालो, भागाकाराचा ताळा पाहा. कोणत्या संख्येस शून्याने गुणिले असता शून्य येते? एकास गुणिले तरी येते, सातास गुणिले तरी येते, सातशेस गुणिले तरी येते. तेव्हा हे काही उत्तर नव्हे. ज्यास कोणतेही उत्तर चालते तो प्रश्नच अर्धवट आहे. वर्गात असंख्य मुले येथे ‘एक’ लिहितात आणि त्यांस एक भोपळा मिळतो. चूक का, हे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात.

मग क्षण सोडून आम्ही लहान लहान अवकाश घेतले. एक सेकंदापासून दीड सेकंदापर्यंत खडा सव्वासहा मीटर गेला, म्हणजे सरासरी वेग सेकंदास १२.५ मीटर. एक पासून १.१ पर्यंत १०.५. एक पासून १.०१ पर्यंत १०.०५. एक पासून १.००१ पर्यंत १०.००५. हे सर्व आकडे मुलीने स्वतः पेन्सिलीने काढले. दोन चुकले, ते तिनेच पुन्हा केले. मग आम्ही अलीकडून येण्यास सांगितले. ०.९ पासून एक पर्यंत ९.५. ०.९९ पासून एक पर्यंत ९.९५. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “दहा.”

आम्ही मुद्दाम विरोध केला. “दहा तुझ्या तक्त्यात कोठे आहे? एकाही ओळीत नाही.”

“तक्त्यात नाही सर, पण दोन्हीकडून तिथंच चालले आहेत.”

बंधूंनो, सीमेची व्याख्या याहून चांगली आम्हांस सांगता आली नसती. पुढे बीजगणिताने तेच करून पाहिले. काळाची वाढ ‘ह’ धरली तर सरासरी वेग येतो दहा अधिक पाच ह. येथे ‘ह’ ने भागिले ते योग्यच होते, कारण तक्त्यातील एकाही ओळीत ‘ह’ शून्य नव्हता. आणि शेवटी आम्ही ‘ह’ शून्य झाला असे म्हणतच नाही. ‘ह’ लहान लहान होत गेला असता हे उत्तर कोणत्या एका संख्येकडे जाते, एवढेच विचारतो. प्रश्नच निराळा आहे. पुस्तकात सोयीसाठी शेवटच्या ओळीत शून्य घातलेले दिसते, आणि मुलास वाटते की आपल्यास फसविले.

हे बोलणे चालले असता मामा बराच वेळ स्वस्थ होते. मग म्हणाले, “म्हणजे सर, मी तवा बरोबर होतो.”

आम्ही होय म्हटले. दुसरे काय म्हणणार?

वायरश्ट्रासचा पक्केपणा काय तो त्याच बैठकीत एक खेळ होऊन आला. आम्ही मामांस म्हटले, तुम्ही भाव पाडा. तुम्हांस दहाच्या किती जवळ पाहिजे ते बोला. मामा म्हणाले, एक दशांशाच्या आत. भाचीने सांगितले, मग ‘ह’ ०.०२ हून लहान घ्या. मामा म्हणाले, एक हजारांशाच्या आत. ती म्हणाली, ०.०००२ हून लहान. सेलूच्या बाजारात वांग्याचा भाव करावा तसे हे चालले. मामांनी कितीही ताणले तरी भाचीजवळ उत्तर असे. आणि ते कधीही संपणार नाही असे तिच्या ध्यानात आले, तेव्हा ती हसली. महाविद्यालयात या गोष्टीस ग्रीक अक्षरे लावतात आणि पुष्कळांची झोप उडते.

आता शब्दांविषयी थोडे. आपली मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावीस विज्ञान एकाएकी इंग्रजीत सुरू होते. ‘लिमिट’ हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो, पण कोणत्या अर्थाने? ‘त्याने तर लिमिटच केली’, ‘बोलण्याला काही लिमिट आहे की नाही’. म्हणजे जी ओलांडू नये ती मर्यादा. ‘सीमा’ म्हणावे तर डोळ्यांसमोर गावाची शीव येते. मुलगी आम्हांस म्हणाली की तिला वाटे, लिमिट दहा म्हणजे वेग दहाच्या वर जाऊच शकत नाही. तिच्या तक्त्यात तर १०.५ होते! शब्दच वाटेत आडवा पडला होता. हे इंग्रजी पुस्तकास ठाऊक नसते आणि फोनास तर नाहीच. जो मनुष्य मुलाजवळ बसतो त्यासच ते कळते.

मराठीस हा विषय नवा आहे असेही कोणी समजू नये. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी या गणितावर मराठीत पुस्तक रचिले आणि त्यास ‘शून्यलब्धि’ हे नाव दिले. लब्धि म्हणजे भागाकारातून जे लाभते ते. शून्यापर्यंत जाऊ पाहणाऱ्या भागाकारातून काय हाती लागते, हा सारा विषय त्या एका शब्दात आला आहे असे आम्हांस वाटते. अवघे पस्तीस वर्षांच्या आतबाहेरचे आयुष्य लाभलेल्या त्या पुरुषाने, ज्या काळी मराठीत गणिताची परिभाषाही घडावयाची होती त्या काळी, हे करून ठेविले. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे असा ठराव झाला. पवनारच्या विनोबांस ईश्वराच्या खालोखाल गणित प्रिय होते, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. अशा जिल्ह्यातील मुलास ‘लिमिट’चा अर्थ कोणी आपल्या भाषेत सांगू नये, यात दोष मुलाचा नव्हे. परीक्षा त्याने इंग्रजीतच द्यावी. आमचे त्यास काही म्हणणे नाही. समजणे मात्र ज्या भाषेत आई हाक मारते त्या भाषेत आधी होते.

पुढच्या रविवारी मुलगी दुसरी शंका घेऊन आली. दोन राशींच्या गुणाकाराचा अवकलज म्हणजे त्यांच्या अवकलजांचा गुणाकार, असे तिने लिहिले होते आणि ते चुकले होते. ही चूक जवळपास प्रत्येक मूल करते. लायब्निट्सनेही १६७५ सालच्या आपल्या टिपणांत, असे असेल काय, हा प्रश्न स्वतःस विचारला आणि नाही असे ठरविले. आम्ही तिला शेत काढण्यास सांगितले. लांबी १०० मीटर, रुंदी ६०. क्षेत्रफळ ६०००. आता दोन्ही बाजूंचे धुरे एक एक मीटर पुढे सरकवा. (धुरा सरकविण्याचा विषय निघताच मामा सावरून बसले, आपल्याकडे त्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात.) नवे क्षेत्र १०१ गुणिले ६१, म्हणजे ६१६१. वाढ १६१. ही कोठून आली? लांबीच्या कडेने एक पट्टा १०० चा, रुंदीच्या कडेने एक पट्टा ६० चा, आणि कोपऱ्यात एक चौरस मीटरचा तुकडा. मुलीचा नियम वापरला तर वाढ म्हणून केवळ तो कोपरा हाती येतो आणि दोन्ही पट्टे शेजाऱ्यास जातात! धुरे जितके कमी सरकवाल तितका कोपरा नगण्य होत जातो आणि पट्टेच उरतात. पहिली राशी गुणिले दुसरीची वाढ, अधिक दुसरी राशी गुणिले पहिलीची वाढ. हा नियम तिने पुन्हा पाठ केला नाही आणि पुन्हा चुकविलाही नाही.

त्यानंतरची गोष्ट आम्हांस सर्वांत प्रिय आहे. बोर नदीवरचे आपले मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले. २०१४ साली बोर व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून बाहेरचे लोक हिंगणीस वाघांच्या वाटेवरील गाव म्हणून ओळखतात. आपण मात्र त्या पाण्याच्या शेजारी वाढलो. मामांनी आपला अनुभव सांगितला, की पावसाळ्याच्या आरंभी पाणी तळाशी असते तेव्हा ते झरझर चढते, आणि धरण भरत आले की त्याच पावसात चढता चढत नाही. असे का? मुलीने विचार केला. पाण्याची उंची किंचित वाढली म्हणजे जुन्या पाण्यावर एक पातळ थर बसतो. त्या थराचे घनफळ म्हणजे पाण्याच्या पृष्ठाचे क्षेत्र गुणिले ती किंचित वाढ. काठाच्या उतारावर थोडे अधिक पाणी मावते, पण थर पातळ होत जाईल तसे ते शेताच्या कोपऱ्यासारखे नगण्य होत जाते. म्हणजे उंचीच्या मानाने साठ्याची वाढ, साठ्याचा अवकलज, हे दुसरे काही नसून पाण्याचे पृष्ठच होय! पृष्ठ एक चौरस किलोमीटर असेल तर एका सेंटीमीटरास दहा हजार घनमीटर पाणी लागते. तळाशी पृष्ठ लहान, म्हणून थोड्या पाण्यात उंची भराभर. वर पृष्ठ विस्तीर्ण, म्हणून सावकाश.

हे तिने आम्हांस समजावून सांगितले. आम्ही फक्त ‘थर’ हा एक शब्द पुरविला होता. ज्या गोष्टीस ती वर्षभर भीत होती ती गावाच्या शेजारी पसरलेली होती.

आपणांस वाटेल की आता आम्ही सांगू, ती मुलगी सर्वांत पहिली आली. तसे काही झाले नाही. अकरावीच्या वार्षिक परीक्षेत तिला बेताचे गुण पडले. त्रिकोणमितीच्या सीमांत तिचे अद्याप अडते. कोन अंशांत घ्यावयाचा नसून रेडियनांत घ्यावयाचा हे ती विसरते. परंतु तिने विज्ञान सोडले नाही. या वर्षी ती बारावीस आहे. पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक गुणांची अट असल्यामुळे आज येथे जो गुणवंतांचा सत्कार झाला त्यात तिचे नाव नव्हते, आणि स्मरणिकेतही तिचे छायाचित्र येणार नाही.

सत्कारास आमचा विरोध नाही. शाल अंगावर पडताना त्या मुलांच्या आईबापांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते आम्हीही पाहिले आहे. पण आपल्या हिशेबाच्या वहीत शाल, श्रीफळ, मंडप आणि छपाई यांचे खर्च आहेत. जो अकरावीत अडला त्याच्याजवळ बसण्याचे खाते नाही. त्यास पैसाही फारसा लागत नाही. आपल्या समाजात आज शिक्षक आहेत, बँकेत आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांतील कित्येकांस हे गणित एकेकाळी येत होते. ते म्हणतील, आता विसरलो. आमचे म्हणणे असे की विसरलेला मनुष्यच बरा. तो मुलाबरोबर तक्ता पुन्हा करील. ज्यास सर्व पाठ आहे तो आमच्यासारखी युक्ती सांगून मोकळा होतो.

यास्तव आम्ही अध्यक्षमहाराजांच्या संमतीने असे ठरविले आहे, की येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी आठ ते दहा आम्ही समाजभवनाच्या ओसरीवर बसू. मामांनी आपल्या दुकानातील फळा देण्याचे कबूल केले आहे, आणि स्वतः येऊन बसण्याचेही. अपुरे राहिलेले प्रकरण आपल्यालाही पुरे करावयाचे आहे असे ते म्हणतात. आपल्या समाजाबाहेरचे मूल आले तर त्यासही बसू द्यावे. येताना वही, पेन्सिल आणि खोडरबर आणावे. शंका घरूनच लिहून आणली तर बरे. फोन घरी ठेवला तरी चालेल.